मदत हवी आहे: टिम कॉनवेचे पूर्ण भाग

नमस्कार मंडळी. 'द कॅरल बर्नेट शो' या अमेरिकन विनोदी टीव्ही कार्यक्रमातला नट टिम कॉनवे माझा फार लाडका. शो १९६७ ला सुरू झाला तेव्हापासून तो पाहुणा म्हणून यायचा, कायमचा कलाकार झाला थेट १९७५ मध्ये. दातांच्या डॉक्टरच्या प्रहसनात भुलीचं इंजेक्शन तो चुकून स्वतःच्याच हातात टोचतो, मग पायात. पेशंट बनून खुर्चीत बसलेल्या सहकलाकार हार्वी कॉर्मनला हसू आवरता आवरत नाही!

आमच्या एकांकिकेच्या तालमीत मुलांना त्याची ती संथ लय दाखवायची आहे, विशेषतः पावलं घासत चालणारा म्हातारा. किती थांबतो तो! तुकडे नकोत, १९७५ ते १९७८ मधले पूर्ण भाग हवेत. कुणाकडे डीव्हीडी आहे का? पुण्यात येऊन घेऊन जाईन, जपून परत करीन.