पक्ष दुभंगत असताना विरोधकांनी हात घालावा की बाजूला राहावे?

जिज्ञासू:
एखाद्या पक्षातली गटबाजी चव्हाट्यावर आली की काही विरोधक तो त्या पक्षाचा अंतर्गत प्रश्न असल्याचे सांगून दूर राहतात, तर काही जण एका गटाला उघड किंवा छुपे बळ देऊन फट रुंद करू पाहतात. यांतून विरोधकांच्या पदरात प्रत्यक्षात काय पडते, हे मला इतिहासातल्या ठोस उदाहरणांवरून समजून घ्यायचे आहे. आजच्या पक्षांचा विषय कृपया नको, कारण मग चर्चा बाजू घेण्यावर येते आणि मूळ प्रश्न राहून जातो.

जुनी पाने:
माझ्या मते 1979 सालाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. तेव्हा सत्तेत असलेला जनता पक्ष वेगवेगळ्या परंपरांचे पक्ष एकत्र येऊन उभा राहिला होता आणि नेतृत्वाची स्पर्धा व जुन्या जनसंघीयांच्या दुहेरी सदस्यत्वाचा (म्हणजे जनता पक्षात असतानाच राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशीही बांधील राहण्याचा) वाद यांमुळे तो आतून आधीच पोखरला गेला होता. ही भांडणे विरोधकांनी लावली नव्हती. परंतु जुलैमध्ये विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी अविश्वास ठराव मांडला आणि जे नाराज खासदार एरवी आणखी काही महिने कुरकुरत राहिले असते, त्यांना इकडे की तिकडे हे ठरवणे भाग पडले. मतदान होण्यापूर्वीच, 15 जुलै रोजी, पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी राजीनामा दिला. पुढे इंदिरा काँग्रेसच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर जनता पक्षातून फुटलेल्या गटाचे नेते चरणसिंग पंतप्रधान झाले, आणि तो पाठिंबा काढून घेतला जाताच लोकसभेला एकदाही सामोरे न जाता 20 ऑगस्टला त्यांनाही पायउतार व्हावे लागले. जानेवारी 1980 च्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला 353 जागा मिळाल्या. फुटीर गटाला दिलेला पाठिंबा किती अल्पजीवी असतो, हे चरणसिंगांच्या समर्थकांनी तेव्हाच ओळखायला हवे होते, असे मला आजही तीव्रतेने वाटते.

समासातली नोंद:
हात न घालताही लाभ होतो. अमेरिकेत 1912 साली थिओडोर रूझवेल्ट रिपब्लिकन पक्षातून बाहेर पडून विद्यमान अध्यक्ष टाफ्ट यांच्याविरुद्ध उभे राहिले. डेमोक्रॅटिक पक्षाच्या वुड्रो विल्सन यांना जेमतेम 42 टक्के मते मिळाली, म्हणजे रूझवेल्ट आणि टाफ्ट यांच्या एकत्रित मतांपेक्षा कमी; तरीही अध्यक्षाची प्रत्यक्ष निवड करणाऱ्या निर्वाचक मंडळातल्या 531 पैकी 435 मतांनिशी ते अध्यक्ष झाले.

जिज्ञासू:
दोन्ही उदाहरणांबद्दल आभार. मात्र या दोन्हींत विरोधकांचा फायदाच झालेला दिसतो. हात घातल्यामुळे विरोधकच पोळले, असे कधी घडले आहे का?

दप्तरदार:
घडले आहे, आणि तेही आपल्याच देशात. नोव्हेंबर 1969 मध्ये काँग्रेस दुभंगली तेव्हा इंदिरा गांधींचे सरकार अल्पमतात आले आणि विरोधकांचेही दोन तट पडले. भारतीय कम्युनिस्ट पक्ष आणि द्रमुक यांनी सरकारला टेकू दिला. उलट जनसंघ, स्वतंत्र पक्ष आणि संयुक्त समाजवादी पक्ष यांनी 1971 च्या निवडणुकीत संघटना काँग्रेसशी, म्हणजे दुसऱ्या गटाशी, बडी आघाडी केली. संघटना काँग्रेसकडे जुनेजाणते नेते आणि पक्षयंत्रणेचा मोठा भाग असल्याने हा हिशेब त्या वेळी चुकीचा वाटला नसावा. परंतु मतदारांच्या मनातली काँग्रेस कोणती, हा प्रश्न कार्यालये कोणाच्या ताब्यात आहेत यावरून सुटत नाही. निकालात इंदिरा गांधींना 352 जागा मिळाल्या, संघटना काँग्रेस 16 वर थांबली, जनसंघ 35 वरून 22 वर आला आणि स्वतंत्र पक्ष तर 44 वरून 8 वर घसरला.

कालपर्यंत ज्यांच्यावर टीका केली त्यांच्याच शेजारी मंचावर बसल्याने या पक्षांनी आपले वेगळेपण गमावले, असे माझे मत आहे. ज्यांनी सरकारला टेकू दिला त्यांचेही वजन टिकले नाही, कारण एवढे बहुमत हाती आल्यावर सरकारला त्यांच्या मतांची गरजच उरली नाही.