प्राणी आवरतो कशाने, त्यावर सिनेमा ठरतो

कातळावरचा (राजापूर)

रविवारी दुपारी केबलवर हिंदीत डब केलेला एखादा महाकाय मगरीचा नाहीतर शार्कचा सिनेमा लागतोच आणि आमच्याकडे निम्मी वाडी तो बघते. मीही आवडीने बघतो. म्हणूनच टीव्हीसाठी काढलेल्या या सिनेमांची पन्नास वर्षांत जी घसरण झाली, ती डोळ्यांत खुपते. माझी कसोटी एकच: शेवटी तो प्राणी कशाने आवरला जातो?

१९७६ साली अमेरिकेत एनबीसी वाहिनीने 'द सॅव्हेज बीज' दाखवला. ऐन उत्सवात न्यू ऑर्लिन्समध्ये आफ्रिकन मधमाश्या घुसतात. शेवटी माश्यांनी अख्खी मढलेली एक फोक्सवॅगन बीटल सुपरडोम या बंदिस्त स्टेडियममध्ये नेतात आणि आतली हवा गार करत जातात, माश्या गारठून निपचित पडेपर्यंत. गाडीत बसलेल्या बाईच्या काचेवर माश्यांचा थर आणि बाहेर कुणालाच घाई करता येत नाही. मधमाशीला थंडी सोसत नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळा शेवट उभा आहे.

पुढच्याच वर्षी सीबीएसवर विषारी कोळ्यांचा सिनेमा आला. कॉफीच्या विमानातून आलेले कोळी संत्र्यांच्या गोदामात शिरतात आणि गांधीलमाशीचा आवाज ऐकवून त्यांना जागीच थिजवतात. आपल्याकडची कुंभारीण माशी कोळी पकडून मातीच्या घरट्यात कोंबते, हे ज्याने पडवीत पाहिलंय त्याला ते लगेच पटेल.

मधमाश्यांची भीतीसुद्धा हवेतली नव्हती. १९५७ मध्ये ब्राझीलमध्ये प्रयोगासाठी आणलेल्या आफ्रिकन मधमाश्या सुटल्या, त्यांचा संकर उत्तरेकडे पसरत १९९० मध्ये टेक्सासला पोचला.

आणि २०१३ चा सायफाय वाहिनीचा 'शार्कनेडो'? वादळ शार्क उचलून लॉस एंजेलिसवर टाकतं. उपाय काय, तर हेलिकॉप्टरमधून बाँब आणि हातात चेनसॉ. शार्कच्या जागी दुसरं काहीही घाला, कथेतली एक ओळ बदलावी लागणार नाही.

वेंगुर्लेकर

नाही पटलं, दादा. तुम्ही सिनेमाकडून शाळेचा तास मागताय. दशावतारात संकासुर येतो तेव्हा पोरं किंचाळतात आणि पुढच्या क्षणी हसतात. मुखवट्याची दोरी दिसते, मागे पेटी-मृदंग वाजवणारे दिसतात, तरी मजा कमी होते का? तिथे राक्षसाच्या सवयींचा अभ्यास कोण करतं? 'शार्कनेडो' तसाच समोरासमोरचा खेळ आहे. लोक तो बघता बघता एकमेकांशी बोलत राहिले, त्यातूनच २०१८ पर्यंत सहा भाग निघाले. कमी पैशांत, बेधडक काहीतरी करून दाखवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

हर्णैकर

मला शार्क चालतात, वादळ चालत नाही. ३ जून २०२० ला 'निसर्ग' आलं तेव्हा आमच्या पट्ट्यातल्या नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. वीज किती दिवस नव्हती ते इथल्या कुणालाही विचारा. त्या वाऱ्याचा आवाज ज्याने घरात बसून ऐकलाय त्याला बाँब टाकून विझणारं वादळ बघवत नाही. वेंगुर्लेकर, तुमच्याकडे 'तौक्ते' येऊन गेलं, तरी तुम्हाला हे खुपत नाही?

वेंगुर्लेकर

नाही खुपत. उलट त्या वर्षी घरातल्या सगळ्यांनी मिळून तो बघितला. जे आपल्यावर चालून आलं त्याला पडद्यावर कुणीतरी झोडपतंय, हे बरं वाटलं.

चिपळूणची

राजापूरवाल्यांच्या बाजूने. आमच्या वाशिष्ठी नदीत मगरी आहेत, आम्हाला त्यांचं नवल नाही. २०२४ च्या पावसात एक चक्क रस्त्यावरून चालत गेली, त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. रात्र, पाऊस, शेजारी रिक्षा आणि ती आपल्या चालीने पुढे जातेय, कुणाच्या अंगावर न जाता. ती पुढे काय करेल हे कळत नाही, यात खरी भीती आहे. टीव्हीवरची मगर दर जाहिरातीआधी एक माणूस खाते. तिसऱ्या वेळेला मला कंटाळा येतो.

सर्पमित्र, कुडाळ

मजेपलीकडचं सांगतो. अजगराचे, राक्षसी सापांचे हे सिनेमे बघून 'मोठा तेवढा घातक' हे डोक्यात पक्कं बसतं. बोलावणं येतं तेव्हा बहुतेक वेळा धामण असते, बिनविषारी, आणि मी पोचेपर्यंत तिला ठेचलेलं असतं. आणि फुरसं? जेमतेम दीड-दोन फुटांचं. गडग्याच्या फटीत, काजूच्या पाचोळ्याखाली. वेटोळं करून खवले एकमेकांवर घासतं, तेव्हा करवत फिरल्यासारखा आवाज येतो. तो आवाज ओळखणारी पोरं आता कमी होत चाललीत.

विंचवाचंही तेच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर रक्तदाबाचं प्राझोसिन वापरून माणसं वाचवली, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणातला जीवघेणा प्राणी तळहातावर मावतो. त्याच्यावर सिनेमा काढायला कुणाला सुचत नाही.

वेंगुर्लेकर

धामण टीव्ही येण्याआधीही मारली जात होती, काका. सापाची भीती वाहिन्यांनी आणलेली नाही.

सर्पमित्र, कुडाळ

आणलेली नाही, खतपाणी घातलंय. माणसं खाणाऱ्या शार्कच्या 'जॉज' सिनेमाची मूळ कादंबरी लिहिणारे पीटर बेंचली पुढे आयुष्यभर शार्क वाचवा म्हणून झटले. आपल्या गोष्टीचा परिणाम त्यांनी स्वतः पाहिला होता.

कातळावरचा (राजापूर)

वेंगुर्लेकर, संकासुराचा मुद्दा चांगला आहे, पण तो माझ्या बाजूला जातो. संकासुर मरतो तो वेद पळवल्यामुळे, विष्णूच्या हातून. त्याचा शेवट त्याच्या करणीतून येतो. तेवढंच मी शार्ककडून मागतोय.

पैशांचं म्हणाल तर १९७१ चा 'ड्युएल' आठवा. टीव्हीसाठी काढलेला, एक गाडी, एक ट्रक, ट्रकचालकाचं तोंड कधी दिसतच नाही. ट्रक दरीत कोसळताना जी डरकाळी येते तीच दोन्ही सिनेमांचा दिग्दर्शक स्पीलबर्गने 'जॉज'मध्ये शार्क मरताना वापरली. तिथे यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून तो फारसा दाखवलाच नाही. दोन्हीकडे अडचणीतून युक्ती निघाली. आता संगणकावर दहा शार्क काढणं सोपं झालंय, म्हणून दहाच्या दहा दाखवतात.

रापणकार, तारकर्ली

माका ह्यातला इतक्या कळना नाय, पण मोरी, म्हंजे शार्क, आमी रोज बघतंव. आज्याच्या तोंडान आयकलेली मोठी मोरी आता जाळ्यात क्वचितच गावता.

आणि सगळ्यांत मोठा शार्क म्हणजे व्हेल शार्क, तो प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातो, माणसाकडे बघतही नाही. २००१ पासून तो कायद्याने संरक्षित आहे. अडकला तर जाळं कापून सोडतात, त्या जाळ्याची भरपाई सरकार देतं. एवढं धूड शेजारी, होडी हेलपटतेय आणि सुरी घेऊन दोघे वाकलेत. याचा कुणी सिनेमा काढला तर मी बघेन.

वेंगुर्लेकर

तो मीही बघेन, पण माहितीपट म्हणून. रात्री दिवा मालवून पोरांबरोबर बसतो तेव्हा मला दात असलेलाच हवा.