मदत हवी आहे: ‘फोर लायन्स’च्या जोडीला कोणता सिनेमा?

मंडळी, आमच्या छोट्याशा फिल्म क्लबमध्ये पुढच्या महिन्यात ख्रिस मॉरिसचा ‘फोर लायन्स’ (2010) दाखवतोय. शेफील्डमधली काही पोरं आत्मघाती हल्ल्याची तयारी करतात आणि पावलोपावली घोळ घालतात. गाडी बंद पडली की बॅरी थेट ज्यूंवर खापर फोडतो, कारण म्हणे स्पार्क प्लगचा शोध त्यांनी लावला! फैजल कावळ्याला बॉम्ब वाहायला शिकवू पाहतो. हसून हसून मुरकुंडी वळते. पण ओमर आपल्या लहानग्याला रात्री ‘लायन किंग’मधल्या सिंबाची गोष्ट सांगता सांगता त्यात जिहाद घुसवतो, तिथे हसू घशातच अडकतं. बायको नर्स, हसतंखेळतं घर, आणि तिचा या सगळ्याला पाठिंबा! मला तरी हा सगळ्यात भेदक भाग वाटतो.

याच्या जोडीला दुसऱ्या दिवशी काय दाखवावं? ‘तेरे बिन लादेन’ आवडतो, कोंबड्या पाळणारा तोतया लादेन धमालच आहे, पण त्याचा रोख वार्ताहर आणि अमेरिकेवर जास्त. नाझींची खिल्ली उडवणारा ‘जोजो रॅबिट’ बहुतेकांनी पाहिलाय. दुसऱ्या धर्मातल्या किंवा विचारसरणीतल्या अतिरेक्यांची फजिती दाखवणारं काही सुचवा. भाषा कुठलीही चालेल, सबटायटल्स हवीत. मराठी एकांकिका असेल तर फारच उत्तम.

आणखी एक. प्रेक्षकांत 26/11 जवळून अनुभवलेले लोक असतील. त्यांना आधी काय सांगावं, आणि नंतर चर्चा ठेवावी का? असा कार्यक्रम कुणी केला असेल तर जरूर लिहा.