गढूळ पाण्यात कृत्रिम भित्तिकांची आरओव्हीने पाहणी: फ्रेम जुळत नाहीत, यान भरकटतं

तळठाव (प्रश्न)
कोकण किनाऱ्यापलीकडे १४ मीटर खोलीवर आरसीसीचे त्रिकोणी आणि विहिरीच्या कड्यांसारखे ठोकळे, म्हणजे माशांसाठीच्या कृत्रिम भित्तिका, टाकलेले आहेत. ते किती रुतले, किती कलंडले, त्यांवर काय वाढलं आणि मासे किती, एवढं नोंदवायचं आहे. हाताशी ब्लूआरओव्ही-२ (वरून चालवायचं माणूसविरहित पाणबुडं यान, म्हणजे आरओव्ही), त्याला जोडलेली १०० मीटरची केबल (टेदर), दोन दिवे, पुढे एक गोप्रो कॅमेरा. दोन-अडीच मीटरपलीकडे दिसत नाही. व्हिडिओत पांढरे ठिपके भरून राहतात, मेटाशेपमध्ये (फोटो जोडून त्रिमितीय प्रतिकृती करणारं सॉफ्टवेअर) निम्म्या फ्रेम जुळत नाहीत आणि ठोकळ्याजवळ गेलं की यान आपोआप वळतं. काय बदलावं?

भांगभरती (उत्तर)
आधी दिवस बदला. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ असते आणि तळाचा गाळ उठतो. अष्टमीच्या आसपास, भांगाला (भरती-ओहोटी लहान असते तेव्हा) जा. भरती पुरी होण्याच्या अर्धा तास आधी यान पाण्यात हवं. भरतीचं पाणी बाहेरच्या समुद्रातून येतं, म्हणून ओहोटीच्या शेवटापेक्षा ते बहुधा स्वच्छ असतं. पावसाळ्याचा गाळ बसायला वेळ लागतो. डिसेंबर ते मार्च हा काळ धरा.

ठिपके म्हणजे दिव्यांनी उजळलेला गाळ. दिवे कॅमेऱ्याला खेटून असतील तर भिंगासमोरचा प्रत्येक कण चमकतो. ते दोन्ही बाजूंना ३०-४० सेंटीमीटर लांब न्या आणि किंचित बाहेर वळवा, म्हणजे ठोकळ्यावर झोताची फक्त कड पडेल. भर दुपारी १४ मीटरवर दिवे बंद ठेवूनही एक फेरी मारून पाहा.

दुसरं कारण यान स्वतः. ते जड असेल तर तरंगत राहण्यासाठी पंखे पाणी खाली ढकलतात आणि तळ ढवळतो. वजनं काढून यान १००-२०० ग्रॅम हलकं ठेवा. मग खाली राहण्यासाठी पंखे पाणी वर फेकतील आणि गाळ जागचा हलणार नाही. एवढ्या एका बदलाने पुष्कळ फरक पडतो.

बिंदुमेघ (उत्तर)
फ्रेम न जुळण्याचं पहिलं संशयित कारण: गोप्रोचं स्टॅबिलायझेशन चालू असणं. ते प्रत्येक फ्रेम वेगळी कापतं आणि वाकवतं, त्यामुळे भिंगाचं गणित कुठेच बसत नाही. ते बंद करा. व्हाइट बॅलन्स ठरावीक आकड्यावर बांधा, शटर १/२०० किंवा त्याहून जलद ठेवा. मेटाशेपमध्ये रोलिंग शटरची (कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपतो, त्याने येणाऱ्या वाकडेपणाची) दुरुस्ती चालू करा.

आता अंतर. इतक्या गढूळ पाण्यात ६० सेंटीमीटरहून लांब राहू नका. आडवा दृष्टिकोन ८० अंश धरला तर तिथून साधारण १ मीटर रुंद आणि ५७ सेंटीमीटर उंच भाग दिसतो. वर-खाली उभे पट्टे मारत सेकंदाला २० सेंटीमीटर सरकलात आणि सेकंदाला एकच फ्रेम काढलीत, तर एकमेकींवरचा भाग ६५ टक्केच राहतो. दोन फ्रेम काढा, तो ८२ टक्के होतो. शेजारचा पट्टा ३० सेंटीमीटरवर घ्या. शेवटी माथ्यावरून कॅमेरा खाली झुकवून एक फेरी मारा. माशांचे थवे आलेल्या फ्रेम वगळा.

मापासाठी ५० सेंटीमीटरची खुणा केलेली पट्टी ठोकळ्याशेजारी सोडा. गढूळ पाण्यात लाल लेझर लवकर विरतो. लेझर लावायचाच तर हिरवा. ठोकळ्याची मूळ उंची वजा गाळावर दिसणारी उंची, म्हणजे किती रुतला ते. चारही बाजूंनी मोजा, कारण प्रवाहाच्या अंगाला तळ खरवडला जातो आणि ठोकळा त्याच बाजूला कलतो.

सुकाणू (उत्तर)
यान वळतं ते काँक्रीटमधल्या सळ्यांमुळे. होकायंत्र बिघडतं, खोलीचा सेन्सर दाबावर चालतो म्हणून तो ठीक राहतो. ठोकळ्यापासून दीड-दोन मीटरच्या आत होकायंत्रावरून दिशा धरणं बंद, खोली धरणं चालू. होकायंत्राचं कॅलिब्रेशन इंजिनजवळ करू नका.

टेदर होडीतून मोकळा सोडू नका. दोरीला ४-५ किलोचं वजन बांधून तळापासून ३ मीटर वर लटकवा, टेदर त्याला अडकवा आणि पुढे १५ मीटरच मोकळा ठेवा. प्रवाह ज्या बाजूला वाहून जातो तिथून ठोकळ्याकडे या, वीज गेली तर यान भित्तिकेत न शिरता लांब वाहून जाईल. कड्यांच्या आत शिरू नका. अडकलेली जाळी जवळजवळ नक्की असतात आणि तंगूस (जाळीचा नायलॉन धागा) पंख्यात गुंडाळला की मोटर थांबते. म्हणून आधी साइड स्कॅन सोनारने (ध्वनिलहरींनी तळाचं चित्र काढणारं यंत्र) सगळे ठोकळे नकाशावर घ्या.

उतरवण्याआधी निर्वात चाचणी: यानाच्या बंद नळीतली हवा ओढून दाब १० इंच पारा इतका कमी करा, १५ मिनिटं ठेवा. १ इंचाहून जास्त घट झाली तर ओ-रिंगवर (पाणी रोखणारी रबरी कडी) केस किंवा वाळूचा कण शोधा.

तळठाव
यानाच्या व्हिडिओतून मासे मोजले तर चालेल?

भांगभरती
नाही. पंख्यांच्या आवाजाने गोबरा बिळात शिरतो, धीट मासे उलट जवळ येतात आणि तोच मासा चार वेळा मोजला जातो. तळावर आमिष लावलेला स्थिर कॅमेरा ६० मिनिटं ठेवा आणि एका फ्रेममध्ये एकाच जातीचे जास्तीत जास्त किती दिसले तो आकडा घ्या. दोन कॅमेरे लावले तर लांबीही मिळते. तसाच कॅमेरा किमान अर्धा किलोमीटर लांब, त्याच खोलीच्या उघड्या तळावर ठेवायलाच हवा. नाहीतर भित्तिकेवर दिसणारी तांबोशी तिथे वाढली की आजूबाजूची गोळा झाली, हे कळणार नाही. दोन्हीकडे आमिष एकाच जातीचं, वजन करून.