मागचा मोनोशॉक घरी बदलताना: आपले अनुभव लिहा

स्पोर्ट बाइकचा मागचा मोनोशॉक, म्हणजे मागच्या चाकाचे धक्के शोषणारा एकच शॉक अ‍ॅब्सॉर्बर, घरी बदललेल्यांचे अनुभव एकत्र यावेत, म्हणून हा धागा काढत आहे. व्हिडिओंमध्ये दोन बोल्ट सोडले आणि दोन बोल्ट आवळले एवढेच दिसते. गाडीचे वजन त्या वेळी कशावर टेकले आहे, हे क्वचितच नीट दाखवले जाते. खरे काम तर तिथेच आहे. नेहमीचा पॅडॉक स्टँड (मागचे चाक अधांतरी ठेवणारा स्टँड) स्विंगआर्म, म्हणजे मागचे चाक धरणारा हलता दांडा, खालून उचलतो, म्हणजे चेसिसचा भार शॉकमधूनच स्टँडवर उतरतो, आणि अशा स्थितीत शॉकचा बोल्ट निघाला की गाडीचा मागचा भाग थेट चाकावर बसतो. म्हणून चेसिस कशाने तोलून धरली, कोणता बोल्ट अडला आणि नवा शॉक बसवल्यावर काय मोजले, हे कृपया सविस्तर लिहावे.

पुणे, यामाहा आर१५ व्ही३

गतिरोधकावरून उतरल्यावर गाडीची मागची बाजू एकदा बसून स्थिर होण्याऐवजी पुन्हा वर-खाली होऊ लागली आणि शॉकच्या दांड्यावर तेलाचा ओलसर थर दिसू लागला, तेव्हा तो बदलणे भाग होते. गाडी १४२ किलोची, त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन मजबूत लोखंडी घोडे दोन्ही बाजूंना उभे करून त्यांवर जाड पाइप आडवा टाकला आणि सीटखालच्या सबफ्रेमला रॅचेटचे पट्टे बांधून गाडी हळूहळू वर घेतली. पुढच्या ब्रेकचा लिव्हर रबराने आवळून ठेवला होता, कारण गाडी पुढे सरकली तर पट्ट्यांचा काही उपयोग नाही.

चाक जमिनीला जेमतेम टेकेल एवढीच उंची हवी. नट काढल्यावर बोल्ट बोटाने फिरला पाहिजे. तो घट्ट वाटला तर भार अजून त्याच्यावर आहे, असे समजावे आणि पट्टा एक खाच सैल किंवा ताठ करावा. हातोडा मारला की आटे खराब होतात आणि मग नव्या बोल्टसाठी नाना पेठ पालथी घालावी लागते. नवा शॉक बसवताना भोके जुळवण्यासाठी टायरखाली लाकडी पाचर सरकवली; गाडी उचलण्यापेक्षा चाक उचलणे कितीतरी सोपे.

रत्नागिरी, केटीएम आरसी ३९०

या गाडीला लिंकेज (शॉक आणि स्विंगआर्म यांना जोडणाऱ्या दांड्या) नाही, शॉक थेट स्विंगआर्मला जोडलेला असतो, त्यामुळे सुटे भाग कमी. परंतु आमच्याकडचा पावसाळा आणि खारी हवा ही कसर भरून काढतात. बोल्ट आणि शॉकच्या डोळ्यातील (बोल्ट जातो त्या टोकाच्या भोकातील) लोखंडी नळी गंजून एकजीव झाली होती. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडून ठेवले आणि सकाळी बोल्ट ठोकण्याऐवजी डोक्याकडून लांब दांडीच्या पान्याने थोडा पुढे, थोडा मागे असा फिरवत राहिलो. आधी तांबूस भुकटी गळाली, मग तो सुटला. परत बसवताना बोल्टच्या गुळगुळीत भागाला पातळ ग्रीस लावावे, आट्यांना लावू नये, कारण मॅन्युअलमधला टॉर्कचा (बोल्ट किती जोराने आवळायचा याचा) आकडा सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो.

कोल्हापूर

मी दुसऱ्या मॉडेलचा जुना शॉक घेतला. डोळ्याची रुंदी कमी भरत होती, म्हणून उद्यमनगरात लेथवर स्टीलचे स्पेसर करून घेतले; ते काम तासाभराचे. अधिक विचार लांबीचा करावा लागला. दोन्ही डोळ्यांच्या मध्यांतील अंतर थोडेसे वाढले तरी लिंकेजमुळे चाकापाशी तो फरक बराच मोठा होतो, मागची बाजू उंचावते, हँडल हलके होते आणि साइड स्टँडवर गाडी जास्त कलते. चेनचा ढिलेपणाही बदलतो. दुसऱ्या गाडीचा शॉक घेणाऱ्यांनी किमतीआधी लांबी विचारावी, असे माझे ठाम मत आहे.

म्युनिक, होंडा सीबीआर६००आरआर

२००३ मध्ये आलेल्या या मॉडेलमध्ये शॉकचे वरचे टोक चेसिसला नसून स्विंगआर्मच्या आतच अडकवलेले असते, त्यामुळे शॉक चेसिसपासून मोकळा आहे, असे वाटते. तसे नाही: लिंकेजची दांडी चेसिसला जोडलेली असते आणि ती सोडताच गाडी खाली येते. मी दोन्ही फूटपेगच्या मुळाशी अ‍ॅक्सल स्टँड लावले होते. इथे बाजारातला वेगळा शॉक बसवायचा तर एबीई किंवा टीयूव्हीचे कागद (तो भाग गाडीला चालतो याची जर्मनीतली मंजुरी) लागतात, ते खरेदीपूर्वीच तपासावेत.

नाशिक, कावासाकी निंजा ३००

मी एकटीच काम करते, पण शॉक बाहेर काढताना भावाला गाडी धरायला बोलावले, आणि तसे सर्वांनी करावे. लिंकेज उघडलेच आहे तर नीडल बेअरिंग धुऊन नवे ग्रीस भरून घ्यावे. शॉक नवा आणि बेअरिंग कोरडे असेल तर खर्च निम्मा वाया जातो. जुना गॅसचा शॉक कुतूहलापोटी उघडू नये किंवा कापू नये, आत दाबाखालचा नायट्रोजन असतो.

यानंतरचे मोजमाप मात्र कोणी टाळू नये. चाक अधांतरी असताना एक्सलपासून टेलवरच्या खुणेपर्यंतचे अंतर घ्यावे, मग गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना आणि शेवटी हेल्मेट-जॅकेटसह बसल्यावर. रस्त्यावरच्या वापरासाठी पहिल्या आणि तिसऱ्या मापातला फरक साधारण ३० ते ४० मिमी असावा. तो प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) आवळून बरोबर आला, पण गाडी स्वतःच्या वजनाने जराही बसत नसेल, तर स्प्रिंग चालकाच्या वजनाला मऊ पडते आहे, आणि तिथे प्रीलोड आणखी आवळण्याऐवजी कडक स्प्रिंगच घ्यावी लागते.