मदत हवी आहे : त्याच ३० चिठ्ठ्या, चार निकाल, वर्गात हे पुढे कसे न्यावे?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवतो. निवडणूक पद्धती शिकवताना केलेल्या एका प्रयोगाने मला अडवले आहे.

वर्गातील ३० मुलांनी तूर, सोयाबीन आणि हरभरा या तीन गटांना पसंतीक्रम देऊन चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्या पसंतीची मते अनुक्रमे १२, १० आणि ८ पडली. विधानसभेच्या पद्धतीने मोजता तूर जिंकली. अमरावती शिक्षक मतदारसंघात, जिथे मी स्वतः जांभळ्या पेनाने १, २, ३ लिहून मत देतो, तिथल्यासारखे मोजले, तेव्हा कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसल्याने सर्वांत कमी मतांचा हरभरा बाद झाला. त्याच्या ८ चिठ्ठ्यांपैकी ७ सोयाबीनकडे वळल्या आणि सोयाबीन १७ विरुद्ध १३ मतांनी निवडून आले. ग्रामपंचायतीचा तीन सदस्यांचा प्रभाग मानून प्रत्येक जागेचे मत वेगळे धरले, तर तिन्ही जागा तुरीच्या पॅनेलला गेल्या, आणि त्याच तीन जागा मतांच्या प्रमाणात वाटल्यावर प्रत्येकाला एकेक मिळाली. फळ्यावरचे ते चार रकाने पाहून हरभऱ्याचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, पॅनेलच्या मोजणीत आम्ही आठ जण गेलो कुठं?”

मी ब्रिटनचे उदाहरण दिले. २०२४ मध्ये तिथे मजूर पक्षाला सुमारे ३४ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या, तर १४ टक्के मते मिळवणाऱ्या रिफॉर्म पक्षाला फक्त पाच. पण त्याचे समाधान झाले नाही, आणि ते योग्यच होते, कारण त्याचा प्रश्न आपल्या गावचा होता.

थेट सरपंच निवडताना पाच-सहा उमेदवार उभे राहतात आणि मते विखुरतात, म्हणून पसंतीक्रम तिथे उपयोगी ठरेल असे माझे मत आहे. परंतु जी आजी चिन्ह पाहून बटण दाबते, तिने आकडे कसे लिहावेत? पापुआ न्यू गिनीत २००७ पासून सार्वत्रिक निवडणुकीत मतदार तीन पसंती नोंदवतात, आणि तिथेही निरक्षर मतदार पुष्कळ आहेत. तिथली मतपत्रिका आणि मदतीची व्यवस्था कोणी जवळून अभ्यासली असेल, तर कृपया सविस्तर लिहावे. शिवाय, केवळ पहिली पसंती लिहिलेल्या चिठ्ठ्या, तो उमेदवार बाद झाल्यास, पुढच्या फेरीत मोजल्या जात नाहीत, हे अकरावीच्या मुलांना कोणत्या उदाहरणाने पटवून द्यावे, हेही शिक्षक मंडळींनी सुचवावे. पुढच्या सोमवारी हाच तास पुन्हा घ्यायचा आहे.