नागझरीवर सामूहिक गाणं बसवायचं आहे: पट्टी, वाद्यं आणि पाण्याचा आवाज

टाळकरी_पेठ
पुण्यातली नागझरी सोमवार, रास्ता, गणेश पेठांच्या कडेनं वाहते, पण भिंती आणि स्लॅबमुळे नजरेला पडत नाही. दारूवाला पुलावरून रोज जाणाऱ्या कित्येकांना खाली ओढा आहे हेच ठाऊक नसतं. या ओढ्यावर पंचवीस जणांचं गाणं बसवायचं आहे: भजनी मंडळातल्या बारा जणी, सात पुरुष, सहा शाळकरी मुलं. गाणं शिकलेले दोघंच. पट्टी कोणती धरावी, म्हणजे ‘सा’ कुठला? न शिकलेल्यांच्या हाती काय द्यावं? पाण्याचा खरा आवाज घेता येईल का? ढोल-ताशा पथकही यायला तयार आहे.

पेटीवाला
पेटीच्या पट्ट्यांपैकी बायकांना काळी चार किंवा पाच सोयीची, पुरुषांना पांढरी एक ते काळी दोन. मिश्र समूहात काळी चार धरली तर पुरुष ओरडतात किंवा खालच्या सप्तकात घशातल्या घशात राहतात. काळी दोन धरा आणि चाल मंद्र पंचम ते मध्य धैवत (खालचा प ते मधला ध) एवढ्यातच बांधा. पुरुष आपोआप एक सप्तक खाली गातील आणि कुणालाच ताणावं लागणार नाही. तार षड्जाचा, म्हणजे वरच्या सा चा, मोह टाळा. सभागृहात तो शोभतो, रस्त्यावर पंचवीसपैकी वीस जण तिथं सूर सोडतात. राग भूप ठेवा, पाच स्वरांत चुकायला जागा कमी.

शब्दांसाठी मोठ्या अभंगाचा छंद घ्या: 6-6-6-4 अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. मंडळातल्या बायकांच्या तो जिभेवरच असतो. शिवाय ठिकाणांची नावं त्यात नेमकी बसतात. ‘दारूवाला पूल’ सहा अक्षरं, ‘सोमवार पेठ’ सहा, ‘रास्ता पेठ’ चार, ‘नागझरी’ चार. नमुन्यादाखल:

सोमवार पेठ । दारूवाला पूल ।
खालून चाहूल । नागझरी ॥

प्रत्येकाला आपल्या गल्लीचं, वाड्याचं, हौदाचं एक कडवं रचायला सांगा. भजनी ठेका, मिनिटाला 80 मात्रांच्या आसपास. लय चढणारच, म्हणून टाळ एकाच्याच हाती ठेवा. पाच जण टाळ वाजवू लागले की तिसऱ्या कडव्याला गाणं पळायला लागतं.

नळी_आणि_नाद
न शिकलेल्यांना सांडपाण्याचा 50 मिमी पीव्हीसी पाइप द्या. झाकलेल्या ओढ्यावरच्या गाण्याला याहून योग्य वाद्य मला सुचत नाही. एका टोकाला टोपी बसवायची आणि ते टोक रबरी चपलेवर किंवा जाड चटईवर आपटायचं, की गोल, पाण्यात बुडाल्यासारखा स्वर येतो. काळी दोनमध्ये भूपासाठी टोपीच्या आतल्या तळापासून उघड्या तोंडापर्यंतची लांबी अशी: सा 54 सेंमी, रे 48, ग 43, प 36, ध 32, वरचा सा 26.5. एका तीन मीटरच्या पाइपात पूर्ण संच निघतो.

आधी प्रत्येक तुकडा एक सेंटिमीटर लांब कापा, मग फोनवरच्या ट्यूनरवर बघत कानशीनं कमी करत या. आखूड झालेला तुकडा परत लांब होत नाही. लांबी बाहेरून मोजू नका, टोपीच्या आतला तळ धरला नाही तर सगळा संच बेसूर निघेल. टोपी सैल राहिली तर हवा निसटते आणि स्वराऐवजी नुसता ‘थप’ येतो, म्हणून सॉल्व्हंट सिमेंटनं चिकटवा. एका माणसाला एकच पाइप, म्हणजे एकच स्वर आणि त्याची मात्रा लक्षात ठेवायची. मुलं हे दोन सरावांत उचलतात.

या आवाजापुढे ढोल-ताशा ठेवू नका, पाइप आणि शब्द दोन्ही बुडतील. पखवाज पुरे.

कानोसा
पाण्याच्या आवाजाबद्दल. आधी सुरक्षितता: मॅनहोलचं झाकण उघडू नका आणि स्लॅबखाली कुणालाही पाठवू नका. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचलेला असू शकतो. त्याचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होऊन वास येईनासा होतो, म्हणजे ‘वास नाही’ हा भरवसा धरता येत नाही. पावसात काठाजवळही थांबू नका.

27 मिमीची पिएझो चकती (कंपनं टिपून त्यांचा आवाज करणारी) लोखंडी कठड्याला किंवा जाळीला चिकटवा. वायर शील्डेड (धातूच्या आवरणाची) घ्या, नाहीतर विजेच्या तारांची गुणगुण येते. चकती थेट फोनला जोडली तर आवाज पत्र्यासारखा पातळ होतो, कारण तिला किमान 1 मेगाओहम रोधाचा इनपुट लागतो. मध्ये छोटा प्रीअँप (आवाजाचा संकेत वाढवणारं यंत्र) हवाच. पहाटे चार ते पाच ही वेळ साधा, एरवी कठड्यातून रहदारीच ऐकू येते. नंतर 100 हर्ट्झखालचं कापून टाका. एवढं करूनही हाती येईल तो बारीक खळखळाट. तो गाण्याखाली वाजवला तर फक्त खरखर वाटते. सुरुवातीला अर्धा मिनिट एकटा ऐकवा आणि मग पाइप सुरू करा.

परवानगी आधी काढा. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र असू शकतं आणि तिथं ढोल वाजवण्यावरही बंदी असते. रास्ता पेठेत केईएम रुग्णालय आहे, जागा ठरवताना अंतर मोजून घ्या.

टाळकरी_पेठ
ढोल-ताशा पथकाला नकार कळवला. पहिला संच कापला. सकाळी पेटीशी जुळलेले पाइप दुपारच्या सरावात चढे लागतायत. कापण्यात चूक झाली का?

नळी_आणि_नाद
चूक नाही, हवा तापली. दर अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला 0.6 मीटरनं वाढतो. 15 अंशांना जुळवलेला पाइप 30 अंशांना जवळजवळ पाव स्वर चढतो, पेटी मात्र जागची फारशी हलत नाही. जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी उघड्या तोंडाभोवती गुंडाळून रबरबँडनं बांधा आणि बाहेर सरकवा: सा ला दीड सेंटिमीटर, वरच्या सा ला पाऊण, बाकीचे त्या प्रमाणात. कार्यक्रमाच्या वेळेलाच, त्याच जागी, सावलीत ठेवून जुळवा. उन्हात पडलेला पाइप आणखी चढतो.